दहा टिचक्या

माझं काम फायबरचं. कोपरखैरणे ते उलवे,
केसाएवढी काच भिंतीतून ओढायची
आणि तांब्याची जुनी जोडी कापायची.
कापताना लोक म्हणतात, हा फोनही ने बाबा,
उगाच धूळ खातोय.
मी आणतो.

चौदा झाले.
एक तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यातला,
त्याच्या वायरीच्या वेटोळ्यांत अजून निळी भुकटी आहे.
एक बेलापूरच्या कुठल्याशा कचेरीतला, करडा,
पोटावर पांढऱ्या रंगात सरकारी आकडा.
वैजयंती म्हणते, घराचं टेलिफोन ऑफिस केलंस
आणि फोन एकाचाही येत नाही.

नव्या लाइनला यांची बोली कळत नाही.
तिला सूर हवेत. हे ठोके देतात:
पाच म्हणजे पाच वेळा श्वास तोडायचा,
शून्य म्हणजे सगळ्यात जास्त, दहा वेळा.
शाळेत मी उलटं शिकलो होतो.
वाशीच्या पिल्लईंनी मग एक दुभाषा करून दिला,
साबणाच्या डबीत मावणारा.
ठोके ऐकतो, सुरात सांगतो.
घंटेला मात्र ही वीज पुरत नाही,
नुसती खाकरते.

नेरूळला पोतनीसबाईंकडे गेलो तो फोन काळा,
पाट्याच्या दगडाएवढा जड,
आणि तीनच्या भोकात पितळी कुलूप.
किल्ली?
"ती ह्यांच्या जानव्याला असायची.
अकरा वर्षं झाली."
कुलूप तसंच.

सवयीने मी दुभाषा जोडला,
जीव आहे का बघायला.
होता. कानात ती संथ घूं आली.

"आण इकडे," बाई म्हणाल्या.
रिसीव्हर कानाला, खांदा जरा वर,
आणि रिसीव्हर जिच्यावर निजतो ती खुंटी
तर्जनीने दाबायला लागल्या.
टकटकटकटकटक. थांबल्या.
टकटकटकटक. थांबल्या.
तबकडी हललीसुद्धा नाही.
डबीचा लाल दिवा मात्र एकेका आकड्याला
मान डोलवत होता.

"दुपारी तीन ते साडेतीन," त्या म्हणाल्या,
"ठाण्याला. रोज.
बिल आलं की ह्यांना वाटायचं खात्याची चूक.
दोन तक्रारी केल्या त्यांनी.
टपोऱ्या अक्षरात. पोच घेऊन."

सहा आकडे झाले. सातवा शून्य.
आठ टिचक्यांवर त्यांचं बोट अडखळलं.
तिथे थांबलं असतं तर आठच झाला असता,
दुसऱ्याच कुणाचं घर.
मग दोन दिल्या, घाईने,
दूध उतू जाताना गॅसकडे धावावं तशा.

मला राहवलं नाही.
बाई, त्या नंबरांना पुढे दोन लागतो आता,
कधीचा लागतो.
"माहीत आहे रे.
म्हणून तर हा लावला."

आणि पलीकडून ती ध्वनिमुद्रित बाई बोलायला लागली,
हा क्रमांक अस्तित्वात नाही,
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत,
पुन्हा मराठीत.
पोतनीसबाईंनी सगळं ऐकून घेतलं.
मध्ये एकदा हूं म्हणाल्या.
कोण राहायचं तिथे, ते मी विचारलं नाही.
माझं काम फायबरचं.

निघताना म्हटलं, आता कितीही बोला,
कॉल फुकट असतात.
त्यांचा चेहरा जरा उतरला.

पंधरावा फोन मिळाला नाही.
दुभाषाही तिथेच राहिला, शोकेसमध्ये,
तांब्याच्या गणपतीशेजारी.
पिल्लईंना सांगितलं, गाडीवरून पडला कुठेतरी,
पाम बीच रोडला.
दुसरा करतो म्हणाले, आठवडा लागेल.

तोवर चौदाही मुके.
रात्री एकाची खुंटी दाबून बघतो.
आठपर्यंत जमतं,
पुढच्या दोनला माझं बोट कच्चं आहे.